पीडीटीसाठी प्रकाशसंवेदक निवडताना: मायटोकॉन्ड्रिया की लायसोसोम?

फोटोडायनॅमिक थेरपीवर, म्हणजे प्रकाशाने चेतवलेल्या औषधाने कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पीडीटी या उपचारावर, नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी आधी विचारतात ते तरंगलांबीबद्दल आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे पेशीला इजा करणारा ऑक्सिजनचा चेतवलेला प्रकार, किती तयार होतो याबद्दल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी हे विचारायला हवं, की प्रकाशसंवेदक, म्हणजे प्रकाशाने चेतणारं ते औषध, पेशीत नेमका कुठे जाऊन बसतो? प्रकाश पडल्यावर तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन पेशीत जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्यात तो फार तर शंभर-दीडशे नॅनोमीटर सरकतो. जुने अंदाज तर 10 ते 20 नॅनोमीटरचेच होते. कर्करोगाची पेशी मात्र 10,000 ते 20,000 नॅनोमीटर रुंद असते. म्हणून जिथे संवेदक, तिथेच घाव.

कमी प्रकाशात जास्त पेशी मारायच्या असतील, तर माझा कौल मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे शालेय पुस्तकातल्या तंतुकणिकांना. इथे इजा झाली की सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेज ही विकरं सक्रिय होतात आणि पेशी अपोप्टोसिसच्या, म्हणजे शिस्तीत स्वतःला संपवण्याच्या, वाटेला लागते. शिवाय पीसी-4 आणि व्हर्टेपॉर्फिन हे संवेदक बीसीएल-2 या पेशीला मरणापासून वाचवणाऱ्या प्रथिनालाच निकामी करतात. 5-एएलएची (अमिनोलेव्हुलिनिक आम्लाची) गोष्ट आणखी वेगळी: तो स्वतः संवेदक नाही. पेशीच त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन-9 तयार करते, आणि तयार होण्याची शेवटची पायरी मायटोकॉन्ड्रियातच असते. संवेदक जागेवरच घडतो, हे मला या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर रसायन वाटतं.

या निवडीत एक अडचणही आहे. प्रकाशाची मात्रा कमी पडली, तर पेशी ऑटोफॅजीच्या, म्हणजे स्वतःचेच भाग पचवण्याच्या, मार्गाने खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया गिळून टाकते आणि तगून राहते.

लायसोसोम, म्हणजे लयकारिका, तुलनेत दुबळ्या समजल्या जातात. पाण्यात सहज विरघळणारे संवेदक, उदाहरणार्थ टॅलापॉर्फिन (एनपीई6), एंडोसायटोसिसने, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्यांतून, आत येतात आणि इथेच अडकतात. प्रकाश पडला की पटल फाटतं, कॅथेप्सिन ही विकरं बाहेर येतात, बिड हे प्रथिन तोडतात, आणि मग तोच अपोप्टोसिसचा मार्ग सुरू होतो. रस्ता लांबचा, त्यामुळे प्रकाशही सहसा जास्त लागतो. तरीही यावर फुली मारू नका. टॅलापॉर्फिन जपानमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी वापरात आहे. इंजेक्शननंतर काही तासांतच 664 नॅनोमीटरचा प्रकाश देता येतो, आणि उन्हापासून जपण्याचा काळ फोटोफ्रिन या जुन्या संवेदकापेक्षा कमी असतो. फोटोफ्रिन घेतलेल्याला किमान महिनाभर ऊन टाळावं लागतं. रुग्णासाठी हा फरक फार मोठा आहे. ऑस्लोत क्रिस्टियन बर्ग आणि सहकाऱ्यांनी तर या जागेचा वेगळाच उपयोग केला: एंडोसोम (आत आलेल्या त्या पिशव्या) आणि लायसोसोममध्ये अडकून पडलेलं ब्लिओमायसिनसारखं कर्करोगाचं औषध प्रकाशाने मोकळं करायचं.

खरं तर दोघांतलं एकच निवडायला हवं असंही नाही. डेव्हिड केसेल आणि जॉन रायनर्स यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाखवलं, की आधी एनपीई6ने लायसोसोमला थोडी इजा करून मग व्हर्टेपॉर्फिनने मायटोकॉन्ड्रियावर घाव घातला, तर परिणाम खूपच वाढतो. क्रम उलटा केला, तर तो फायदा मिळत नाही. लायसोसोमच्या इजेतून कॅल्पेन हे विकर सक्रिय होतं आणि ऑटोफॅजीला लागणारं एटीजी-5 हे प्रथिन तोडतं, त्यातून मरणाचा संकेत बळकट होतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. दोन संवेदक हाताशी असतील, तर मी याच क्रमाने जाईन.

रोगप्रतिकारशक्तीला जागं करणं हा तुमचा प्रश्न असेल, तर मात्र आंतर्द्रव्यजालिकेकडे बघा. हायपेरिसिन हा संवेदक तिथे साठतो. त्यातून येणाऱ्या ताणामुळे कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि प्रतिकार पेशींना मरणाऱ्या पेशीची खूण पटते. युरोपात 2001 मध्ये डोके-मानेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेलं टेमोपॉर्फिनही मुख्यतः आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जीतच सापडतं.

प्रद्रव्यपटलावरचा घाव बहुधा नेक्रोसिसकडे, म्हणजे पेशी फुटून मरण्याकडे, नेतो. 2020 मध्ये जपानने मान्य केलेलं सेटुक्सिमॅब सॅरोटालोकॅन हे औषध प्रतिपिंडाच्या आधारे पटलालाच चिकटतं. केंद्रकाचा विचार सोडून द्या: बहुतेक संवेदक तिथे जातच नाहीत, आणि डीएनएला इजा कमी होते म्हणून ते चांगलंच आहे.

निवड केल्यावरही पुस्तकातल्या पत्त्यावर विसंबू नका. प्रोटोपॉर्फिरिन वेळ गेला की मायटोकॉन्ड्रियातून इतर पटलांवर पसरतं. लायसोसोममधले संवेदक पहिल्या प्रकाशानंतरच बाहेर सांडून दुसरीकडे जातात. मात्रा बदलली, पेशींचा वाण बदलला, तरी जागा बदलू शकते. म्हणून तुमच्याच पेशींत, प्रकाश ज्या वेळी देणार त्याच वेळी, मायटोट्रॅकर आणि लायसोट्रॅकर (मायटोकॉन्ड्रिया आणि लायसोसोम उजळवणारे रंग) घालून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. मात्र ट्रॅकरचा रंग संवेदकाच्या लाल प्रदीप्तीत मिसळणार नाही असा निवडा, आणि चित्रं घेताना लेझर कमीत कमी ठेवा, कारण तो लेझरही संवेदकाला चेतवतोच.