अकरावीसाठी ठाण्यातच की माटुंग्याला?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या घरांत कट-ऑफची चर्चा सुरू होते; शाळेतून निघालेले मूल कॉलेजात रुळणार कसे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. आमच्या घरी दोन्ही प्रयोग होऊन गेले. थोरल्या मुलीने विज्ञान शाखेसाठी मुंबईतल्या माटुंग्याचे कॉलेज निवडले आणि तीन वर्षांनी धाकट्याने त्याच शाखेसाठी रिक्षाच्या अंतरावरचे ठाण्यातले कॉलेज घेतले. ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाल्यास तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. त्यामुळे हा विचार पसंतीक्रम भरण्याआधीच झालेला बरा.

माटुंग्याला जलद लोकल सहसा थांबत नाही. ठाण्याहून सुटणारी धीमी गाडी पकडायची, नाहीतर जलद गाडीने दादर गाठून एक स्टेशन मागे यायचे, एवढेच पर्याय उरतात. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना तर ठाणे स्टेशन गाठणे हाच एक वेगळा प्रवास असतो. सकाळचे निभते. प्रॅक्टिकल आटोपून संध्याकाळी निघाल्यावर गाडी आधीच भरून आलेली असे; बॅग पोटाशी धरून उभे राहावे लागल्यामुळे मुलीच्या जर्नलचे खाकी कव्हर दर पंधरवड्याला फाटत असे, आणि आठ वाजता घरी आल्यावर त्याच जर्नलमध्ये रीडिंग उतरवताना तिचा डोळा लागत असे. धाकटा त्या वेळेपर्यंत जेवायला काय आहे हे दोनदा विचारून झालेला असे.

एवढ्यावरून ठाण्याच्या बाजूने कौल द्यावा, तर ऑफ लेक्चरचा हिशेब उलटा निघाला. शाळेत शिक्षक आले नाहीत तरी वर्गात बसावे लागते. कॉलेजात त्या दोन तासांचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मुलीला घरी परतणे शक्यच नव्हते, म्हणून ती नाइलाजाने ग्रंथालयात बसू लागली आणि पुढे तीच सवय झाली. धाकटा तलावपाळीवर चक्कर मारी किंवा सरळ घरी येऊन झोपे. शिवाय त्याच्याबरोबर शाळेतले पाच मित्र त्याच वर्गात आले, एकाच बाकावर दाटीवाटीने बसले, आणि दिवाळीनंतरही पुढच्या बाकावरच्या मुलाचे नाव त्याला सांगता येत नव्हते. मुलीला ओळखीचे कोणीच नसल्यामुळे तिला बोलावेच लागले.

भाषेचा अडसर मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. संपूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्वरण ठाऊक असते, पण फळ्यावर अ‍ॅक्सिलरेशन आले की तो क्षणभर अडखळतो, आणि तेवढ्यात पुढची ओळ पुसली गेलेली असते. पहिल्या चाचणीतले गुण पाहून घाबरू नये. येथे उपयोगी पडतो तो संध्याकाळचा मोकळा वेळ, आणि तो ठाण्यातच मिळतो.

म्हणून माझे मत असे की मराठी माध्यमातून विज्ञानाकडे जाणाऱ्या, त्यातही संध्याकाळी क्लास लावणाऱ्या मुलाने ठाणेच घ्यावे. बांदोडकर महाविद्यालय चेंदणीला खाडीलगत आहे, ज्ञानसाधनाही शहरातच आहे. कला किंवा वाणिज्य शाखेचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी भरतात, प्रॅक्टिकल नसतात आणि दुपारी परतीच्या गाडीत श्वास घेता येतो. अशा मुलाने माटुंग्याचे 1937 सालचे रुईया किंवा 1941 सालचे पोदार मिळत असेल तर केवळ अंतरासाठी सोडू नये. क्लासशी टाय-अप असलेले इंटिग्रेटेड कॉलेज मी या तुलनेत धरलेलेच नाही, कारण तेथे जाणारे मूल शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते.

पसंतीक्रम नक्की करण्यापूर्वी मुलाला घेऊन एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला माटुंग्याहून ठाण्याची गाडी पकडून पाहावी. आम्ही कॉलेज पाहायला रविवारी गेलो होतो, आणि येताना तिघांनाही खिडकीशी जागा मिळाली होती.