अमेरिकी नागरिकत्वासाठी वकील: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचा वकील कंपनीनेच ठरवलेला असतो. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), पर्म (ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याची मंजुरी), आय-१४० (कंपनीने आपल्यासाठी करायचा ग्रीन कार्डचा अर्ज) हे सगळं एकाच फर्मकडून उरकतं, आणि पर्मच्या वकिलाची फी तर नियमानेच कंपनीच्या गळ्यात असते. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन-४००, मात्र सर्वस्वी आपला. वकील आपण शोधायचा, पैसे आपल्या खिशातून जायचे. त्यामुळे ही सेवा घ्यावी का, आणि घेतली तर तिच्यातलं काय घ्यावं, हे नीट पारखून पाहायला हवं.

आधी मत सांगून टाकतो. निव्वळ फॉर्म भरून घेण्यासाठी वकील लावू नये. फॉर्म पाठवण्याआधी आपली जुनी फाइल जाणकार नजरेखालून जावी, यासाठी जरूर लावावा. या दोन कामांची किंमत सारखी नाही, उपयोग तर नाहीच नाही.

फॉर्म ऑनलाइन भरता येतो. सरकारी फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. ग्रीन कार्डला पाच वर्षं होत आली आहेत (अर्ज ९० दिवस आधीही करता येतो), त्यातले निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत गेले आहेत, सलग सहा महिन्यांची भारतवारी एकही नाही, टॅक्स वेळेवर भरला आहे, पोलिसांशी कधी संबंध आला नाही आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर स्पॉन्सर कंपनीतच बरेच दिवस नोकरी झाली आहे, अशी सरळ केस असेल तर वकिलाने घ्यावं असं विशेष काही उरत नाही. चांगला वकील हे पहिल्या भेटीतच सांगतो आणि फक्त सल्ल्याची फी घेतो. असा भेटला तर तोच पक्का धरावा.

बिघडतं ते बहुधा फाइलमध्ये. एन-४०० ची छाननी करताना अधिकारी फक्त मागची पाच वर्षं पाहतो, हा मोठा गैरसमज आहे. ग्रीन कार्ड कायदेशीर मार्गानेच मिळालं होतं का, हेही तो तपासतो. त्याच्यासमोर आपली सगळी ए-फाइल, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडची आपली पूर्ण फाइल, असते. कार्ड येताच पंधरा दिवसांत नोकरी बदलली असेल, तर त्या कंपनीत काम करायचा इरादा खरोखर होता का, हा प्रश्न निघू शकतो. अमुक महिने काम केलंच पाहिजे असा आकडा कायद्यात नाही, म्हणून प्रश्न पुराव्यावर येतो. आय-४८५ (ग्रीन कार्डसाठीचा आपला स्वतःचा अर्ज) प्रलंबित असताना १८० दिवसांनंतर दुसरीकडे गेलेल्यांचं गणित पुन्हा वेगळं. जाणकार वकील इथे डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा व टॅक्सचा दाखला), पगाराच्या पावत्या आणि जुनं ऑफर लेटर मागवतो. कागद हाताशी नसतील तर माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, म्हणजे फोइआचा अर्ज करून, ए-फाइलची प्रत मागवतो आणि ती वाचल्याशिवाय एन-४०० ला हात लावत नाही. यात वेळ जातो. गुंतागुंतीच्या केसमध्ये तो जाऊ द्यावा.

दुसरी जागा प्रवासाची. आईवडिलांच्या आजारपणासाठी सात-आठ महिने भारतात राहिलेले लोक रीएंट्री परमिट (लांबच्या गैरहजेरीनंतर अमेरिकेत परत येण्याचा परवाना) दाखवून निर्धास्त असतात. ते परमिट ग्रीन कार्ड वाचवतं, नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य वाचवत नाही. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी गैरहजेरी असेल तर वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरलं जातं. ते खोडता येतं: नोकरी सुटली नव्हती, घर चालू होतं, नवरा-बायको किंवा मुलं इथेच होती, अशा कागदांनी. गैरहजेरी वर्षाची किंवा त्याहून जास्त असेल तर घड्याळ नव्याने सुरू होतं. मग परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवसाने अर्ज करता येतो, पण तेव्हाही त्या गैरहजेरीतला सहा महिन्यांवरचा भाग अर्जाआधीच्या पाच वर्षांच्या खिडकीत सापडतो. आणखी सहा महिने थांबलं की तो प्रश्नही मिटतो. हे शेवटचं वाक्य तुमचा वकील आपणहून सांगतो का, ही त्याची फार चांगली परीक्षा आहे. त्याच काळात टॅक्स रिटर्न १०४०-एनआर म्हणून, म्हणजे अनिवासी म्हणून भरलं असेल, तर तेही त्याने विचारायला हवं.

तिसरी जागा सगळ्यात धोक्याची. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर चुकून मतदार नोंदणीला होकार दिला गेला असेल, कधी मत दिलं असेल किंवा अटक झाली असेल, तर वकिलाशिवाय अर्ज करूच नये. इथे अर्ज नाकारला जाणं हे कमीत कमी नुकसान आहे. प्रकरण हद्दपारीच्या नोटिशीपर्यंत जाऊ शकतं. फौजदारी वकील म्हणालेला असतो की केस मिटली, रेकॉर्ड पुसलं. इमिग्रेशन कायद्यात मात्र आपण गुन्हा कबूल केला असेल आणि कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं असेल तर पुढे रेकॉर्ड पुसलं तरी ती दोषसिद्धीच धरली जाते. मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोनदा दोषी ठरलेल्याचं नैतिक चारित्र्य चांगलं नाही असं गृहीत धरलं जातं, हा २०१९ च्या अॅटर्नी जनरलच्या निर्णयाचा परिणाम. अटकेची प्रत्येक नोंद फॉर्ममध्ये लिहायचीच, आणि सोबत कोर्टाची प्रमाणित प्रत जोडायची.

म्हणून पहिल्या भेटीत वकील काय बोलतो यापेक्षा काय मागतो ते पाहावं. जुने-नवे सगळे पासपोर्ट, प्रवासाच्या तारखा, आयआरएसचे (अमेरिकी टॅक्स खात्याचे) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, ग्रीन कार्डच्या अर्जाची प्रत हे मागितलं तर माणूस कामाचा आहे. नुसती प्रश्नावली आणि पैसे मागितले, तर तो टायपिंगचे पैसे घेतो आहे. ‘शंभर टक्के काम होईल’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावं.

वकिलाचा परवाना राज्याच्या बारच्या (वकिलांच्या परिषदेच्या) संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो. इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा असल्याने टेक्सासमधल्या माणसाला न्यू जर्सीचा वकील चालतो. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायना इथे या विषयातलं प्रमाणित तज्ज्ञपदही आहे. आयलाचं (इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेचं) सदस्यत्व चांगली खूण आहे, पण तो परवाना नव्हे. टॅक्स भरून देणारे, नोटरी आणि आपल्याच मंडळांत फिरणारे ‘कन्सल्टंट’ यांना सल्ला द्यायचा अधिकार नाही. पैशांची अडचण असेल तर न्याय विभागाने मान्यता दिलेले प्रतिनिधी सेवाभावी संस्थांत कमी पैशांत हेच काम रीतसर करतात. आपल्या लोकांना हा पर्याय फारसा माहीत नसतो, याची हळहळ वाटते.

वकिलाशी होणाऱ्या करारात जी-२८ फॉर्मचा, म्हणजे तो तुमचा प्रतिनिधी असल्याचं सरकारला कळवणाऱ्या फॉर्मचा, उल्लेख हवाच. त्याच्याशिवाय सरकारच्या लेखी तो तुमचा वकील नाही. एन-४०० भरून देतो पण ‘फॉर्म तयार करणारा’ या रकान्यात सही करणं जो टाळतो, त्याच्याकडे फाइल ठेवू नये. ठरावीक फीमध्ये काय येतं तेही लिहून घ्यावं: जादा पुराव्याच्या नोटिशीला उत्तर, मुलाखतीला हजेरी, अर्ज नाकारल्यास ३० दिवसांत करायचा एन-३३६ (फेरसुनावणीचा अर्ज). यातलं बरंच नंतर वेगळ्या बिलात येतं.

मुलाखतीला वकील शेजारी बसतो, तुमच्या वतीने उत्तरं देत नाही. साध्या केसमध्ये हा खर्च वाया जातो. मुलाखतीत अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांवर परीक्षाही होते: २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना १२८ पैकी २० प्रश्न विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. तो अभ्यास आपलाच. आईवडिलांच्या अर्जात मात्र वकिलाने वयाच्या सवलती सांगायलाच हव्यात: वय ५५ आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं, किंवा वय ५० आणि २० वर्षं झाली असतील तर इंग्रजीची अट नाही. दुभाषा घेऊन मराठीत परीक्षा देता येते. ६५ वर्षं वय आणि २० वर्षांचं कार्ड असेल तर प्रश्नही फक्त १० आणि नेमून दिलेल्या २० मधूनच. हे ज्याला ठाऊक नाही त्याने ज्येष्ठांच्या केस घेऊ नयेत.

मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर फेडरल कोर्टात जाता येतं. हे काम घेणारे वकील वेगळे असतात, आणि तुमचा वकील तसं सांगून दुसऱ्याकडे पाठवत असेल तर ते चांगलंच लक्षण.

शेवटी मुलांच्या नावाने लावली जाणारी एक फी. आईवडिलांपैकी एक जण नागरिक झाला, मूल १८ च्या आतलं, ग्रीन कार्डधारक आणि त्याच पालकाच्या कायदेशीर व प्रत्यक्ष ताब्यात राहत असेल तर ते आपोआप नागरिक होतं. एन-६०० हा अर्ज करून मिळणाऱ्या त्याच्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राला सरकारी फीच ऑनलाइन १,३३५ डॉलर, वर वकिलाची. प्रमाणपत्र जवळ असणं सोयीचं आहे, सक्तीचं नाही. मुलाचा अमेरिकी पासपोर्ट त्याच्या कितीतरी कमी पैशांत निघतो आणि नागरिकत्वाचा पुरावा म्हणून चालतो. वकिलाने ही निवड तुमच्यापुढे न ठेवता एन-६०० बिलात धरला असेल, तर ती ओळ खोडायला सांगा.