पॉलिमर कॅप्सूल: उघडते नेमकी, पोहोचते क्वचित

कर्करोगाचे औषध पेशीच्या आत नेऊन तिथेच मोकळे करण्यासाठी बनवलेल्या पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या) सूक्ष्म कॅप्सूलचे जे कौतुक वाचायला मिळते, ते बहुतेक वेळा तिच्या उघडण्याच्या युक्तीचे असते, आणि ते रास्तही आहे. १९९८ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्म गाभ्यावर धन आणि ऋण प्रभाराच्या पॉलिमरचे थर आळीपाळीने चढवले व नंतर गाभा विरघळवून पोकळ कवच तेवढे शिल्लक ठेवले. पुढे मेलबर्न विद्यापीठातील गटाने अशा कवचाचे थर डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या दोन अणूंमधील जोडांनी) एकमेकांत गुंफले. रक्तात ग्लुटाथायॉन, म्हणजे असे बंध तोडणारा शरीरातलाच एक रेणू, अत्यल्प असल्याने हे बंध टिकतात, पेशीत ते शेकडो पटींनी जास्त असल्याने तुटतात, आणि कवच हवे तिथेच सुटते. एवढी नेटकी रचना औषधनिर्मितीत सहसा पाहायला मिळत नाही.

तक्रार आहे ती प्रवासाबद्दल. या कॅप्सूल पुष्कळदा मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) घरात असतात, आणि शिरेतून सोडलेले एवढे मोठे कण यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी झपाट्याने टिपतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरच्या, कणांना भक्षक पेशींपासून लपवणाऱ्या लेपाने थोडा अवधी मिळतो, इतकेच. नॅनोकणांवरील, म्हणजे मायक्रॉनहूनही बारीक औषधवाहक कणांवरील, दहा वर्षांच्या प्रयोगांचा जो आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टोचलेल्या मात्रेचा कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचलेला भाग मध्यकाने (चढत्या क्रमातील मधल्या आकड्याने) अवघा ०.७ टक्के निघाला. हे प्रयोगही प्राण्यांवरचे, आणि उंदरांमधील वेगाने वाढणाऱ्या गाठींच्या रक्तवाहिन्या माणसांमधील अनेक गाठींपेक्षा अधिक गळक्या असतात. त्यामुळे काचपात्रातील पेशींवर मिळालेले यश जपूनच वाचावे. शिवाय डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरचे औषध पेशीच्या केंद्रकापर्यंत न जाता लायसोसोममध्येच (पेशीतील पचनाच्या पिशवीतच) अडकले, तर कॅप्सूल उघडूनही फारसा उपयोग होत नाही.

प्रयोगशाळेतील साधन म्हणून ही कॅप्सूल मला उत्तम वाटते, पण औषधाचे वाहन म्हणून अजून अपुरी. थर आणखी हुशार करण्याआधी आकार लहान करण्यावर भर द्यायला हवा होता.

पॉलिमरच्याच घराण्यातील जेनेक्सॉल-पीएम या कर्करोगावरील औषधाला दक्षिण कोरियात २००७ मध्ये मान्यता मिळाली, हे इथे नोंदवायला हवे. ती कॅप्सूल नव्हे, पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध पोटात धरणारे मायसेल (पॉलिमरच्या रेणूंचा आपोआप जुळलेला सूक्ष्म गोळा) आहे, आणि पेशीत शिरून उघडण्याची खास कळ त्याला नाही. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने जुन्या इंजेक्शनमध्ये एरंडेलापासून बनवलेला, तीव्र अ‍ॅलर्जी उद्भववू शकणारा द्रावक घालावा लागे. या औषधात तो लागत नाही.