झॅम्प ८.२.१२, विंडोज ११ वर आठ महिने: बसवताना काय अडतं, का अडतं आणि कसं सुटतं

विंडोजवर पीएचपीला हात घालणारे बरेच जण आधी झॅम्पच बसवतात. पॉलिटेक्निकचं प्रॅक्टिकल असो, बीसीएचा प्रोजेक्ट असो की एखाद्या दुकानाची जुनी साईट दुरुस्त करायची असो, अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं पीएचपीमायॲडमिन एकाच इन्स्टॉलरमधून मिळतात हे फार सोयीचं पडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ८.२.१२ ही आवृत्ती आठ महिने रोज वापरून झाली आणि कामाला ती चोख आहे. मात्र काही अडलं की झॅम्पचं कंट्रोल पॅनल नेमकं कारण सांगत नाही. लाल अक्षरात एक ओळ येते, माणूस वैतागतो, झॅम्प काढतो आणि पुन्हा बसवतो.

तेवढं मात्र करू नका. तुमचे सगळे डेटाबेस झॅम्पच्याच फोल्डरात, ‘मायएसक्यूएल’ फोल्डराच्या आतल्या ‘डेटा’ फोल्डरात असतात. फोल्डर गेला की तेही गेले. शिवाय पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो, दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरला असेल, तर दहा वेळा बसवलं तरी तो धरलेलाच राहणार. खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत, लिहिलेलं असतं. पॅनलवर प्रत्येक ओळीसमोर ‘लॉग्स’चं बटण आहे, आधी ते दाबायची सवय लावून घ्या.

इन्स्टॉलर सुरू होताच यूएसीबद्दल, म्हणजे विंडोजच्या परवानगी विचारणाऱ्या सुरक्षेबद्दल, इशारा येतो. घाबरण्यासारखं काही नाही. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नका, तिथे साध्या परवानगीने फाइल लिहिता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘झॅम्प’ हा जो फोल्डर इन्स्टॉलर सुचवतो तोच ठेवा. घटकांच्या यादीतून फाइलझिला, मर्क्युरी आणि टॉमकॅट यांच्या खुणा काढा. पीएचपीच्या कामाला त्यांची गरज नाही आणि प्रत्येकाला आपापले पोर्ट लागतात. फोल्डर नंतर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेलात तर आतल्या फाइलींमधले पूर्ण पत्ते चुकतात. तसं करायचंच असेल तर त्याच फोल्डरातली ‘सेटअप झॅम्प’ ही बॅच फाइल एकदा चालवा.

आता अपाची. स्टार्ट दाबलं की ‘पोर्ट ८० वापरात आहे, प्रोसेस क्रमांक ४’ असा निरोप बऱ्याच मशीनवर दिसतो. हा ४ क्रमांक पाहून लोक टास्क मॅनेजरमध्ये ती प्रोसेस मारायला जातात, पण ती खुद्द विंडोजची ‘सिस्टिम’ प्रोसेस आहे, ती मारता येत नाही. विंडोजच्या गाभ्यात एचटीटीपी डॉट सिस नावाचा भाग आहे. आयआयएस (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर), एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिस अशा सर्व्हिस त्याच्यामार्फत पोर्ट ८० घेतात, म्हणून नाव सिस्टिमचं दिसतं. खरा मालक कोण ते कळायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘नेटश एचटीटीपी शो सर्व्हिसस्टेट’ चालवा. यादीत ८० चा पत्ता आणि तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. बहुतेक वेळा ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’, म्हणजे आयआयएस, निघतं. ते लागत नसेल तर सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन ती थांबवा आणि स्टार्टअप प्रकार ‘डिसेबल्ड’ करा. नुसती थांबवलीत तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ती परत येऊन बसते.

प्रोसेस क्रमांक ४ नसेल तर ‘नेटस्टॅट’ ही कमांड ‘एएनओ’ पर्यायासह चालवा आणि शेवटच्या रकान्यातला क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये ताडून बघा. ‘फाइंडस्ट्र’ने :८० गाळलंत तर ८०८० आणि ८००० च्या ओळीही त्यात येतात, म्हणून ओळ नीट वाचा. पॅनलने काहीच सांगितलं नाही, तर अपाचीच्या ‘बिन’ फोल्डरात जाऊन एचटीटीपीडी, म्हणजे खुद्द अपाचीचा प्रोग्रॅम, थेट कमांड प्रॉम्प्टवरून चालवा. चूक तिथल्या तिथे छापली जाते. १००४८ आकडा आला तर पोर्ट दुसऱ्याने घेतलाय. १००१३ आला तर विंडोज तो पोर्ट द्यायलाच तयार नाही, आणि मागे बहुधा एचटीटीपी डॉट सिस किंवा हायपर-व्हीसारख्या सुविधेने राखून ठेवलेली पोर्टची रांग असते.

आयआयएस हवंच असेल तर अपाचीला हलवा. एचटीटीपीडी डॉट कॉन्फमध्ये ‘लिसन ८०’ चं ८०८० आणि ‘सर्व्हरनेम’च्या ओळीतही ८०८० करा. एचटीटीपीएसचा पोर्ट ४४३ अडलेला असेल तर ‘एक्स्ट्रा’ फोल्डरातल्या एसएसएलच्या कॉन्फमध्ये ४४३ च्या जागी, व्हर्च्युअल होस्टच्या ओळीसकट, ४४३३ लिहा. इथे एक पायरी हमखास राहते. पॅनलच्या ‘कॉन्फिग’मध्ये ‘सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज’ आहे, तिथेही हेच आकडे भरावे लागतात. नाही भरले तर अपाची चालू असतो, पण पॅनल जुनाच पोर्ट तपासतं आणि ‘ॲडमिन’ बटण चुकीचा पत्ता उघडतं. ते जतन करताना ‘परवानगी नाही’ असं आलं तर पॅनल बंद करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

व्हीसीरनटाइम१४० या डीएलएलबद्दल तक्रार आली तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल २०१५ ते २०२२, ६४ बिटचं, बसवा. डीएलएल पुरवणाऱ्या भलत्यासलत्या साईटवरून ती एकटी फाइल उतरवू नका.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मायएसक्यूएलच्या ओळीची. ती ओळ प्रत्यक्षात मारियाडीबीची आहे. २०१५ पासून झॅम्पमध्ये मारियाडीबीच येतो, पॅनलवर नाव तेवढं जुनं राहिलंय. ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ ही लाल ओळ चार-पाच शक्यता एकदम सांगते आणि त्यातली कोणती खरी ते सांगत नाही. कारण डेटा फोल्डरातल्या ‘मायएसक्यूएल_एरर’ या लॉगमध्ये असतं. अगदी खाली जा, शेवटच्या तीसेक ओळी वाचा.

तिथे मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६ आणि १००४८ दिसलं तर दुसरं मायएसक्यूएल आधीच चालू आहे. ते वेगळं बसवलेलं असेल तर सर्व्हिसेसमध्ये ‘मायएसक्यूएल८०’ अशा नावाने सापडतं. दोन्ही हवी असतील तर झॅम्पच्या माय डॉट आयएनआयमध्ये ‘क्लायंट’ आणि ‘मायएसक्यूएलडी’ या दोन्ही विभागांत पोर्ट ३३०७ करा. पीएचपीमायॲडमिनच्या कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट लिहा, आणि लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क वापरत असाल तर त्याच्या ईएनव्ही फाइलमध्येही. यातली एक जागा राहिली तर कनेक्शन निमूटपणे दुसऱ्याच सर्व्हरकडे जातं आणि ‘डेटाबेस सापडत नाही’ असं उत्तर येतं.

‘आरिया रिकव्हरी फेल्ड’ दिसलं तर गोष्ट वेगळी. मारियाडीबी आपली स्वतःची टेबलं, म्हणजे कोणता वापरकर्ता, कोणाला काय परवानगी ही माहिती, आरिया नावाच्या, टेबलं साठवणाऱ्या इंजिनात ठेवतो. लाईट गेली, यूपीएस नाही, किंवा मायएसक्यूएल न थांबवताच विंडोज बंद केलं, की आरियाचा लॉग अर्धवट राहतो. पुढच्या वेळी तो लॉग जुळत नाही आणि सर्व्हर उभाच राहत नाही. तुमचा डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो.

दुरुस्ती या क्रमानेच करा. पॅनल बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये मायएसक्यूएलडी उरलेला नाही याची खात्री करा आणि अख्खा डेटा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. ही पायरी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग डेटातून ‘आरिया_लॉग_कंट्रोल’ आणि आकड्यांचं शेपूट असलेली ‘आरिया_लॉग’ या फाइली बाहेर हलवा आणि स्टार्ट दाबा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. लॉग ‘मायएसक्यूएल’ डेटाबेसमधलं एखादं टेबल खराब झाल्याचं सांगत असेल, तर मायएसक्यूएलच्या ‘बॅकअप’ फोल्डरात बसवतानाची कोरी प्रत ठेवलेली असते. तिथला फक्त ‘मायएसक्यूएल’ नावाचा उपफोल्डर डेटातल्या त्याच नावाच्या फोल्डराच्या जागी ठेवा. वापरकर्ते आणि पासवर्ड मूळपदावर येतात, रूटचा पासवर्ड पुन्हा रिकामा होतो, पण तुमच्या डेटाबेसना धक्का लागत नाही.

इंटरनेटवर सर्रास सांगितला जाणारा उपाय याहून मोठा आहे: अख्खा बॅकअप डेटाच्या जागी टाका आणि मग आपले डेटाबेस फोल्डर परत आणा. तोही चालतो, फक्त ‘आयबीडेटा१’ ही फाइल विसरलात तर घात होतो. पीएचपीमायॲडमिनमध्ये टेबलांची नावं डावीकडे व्यवस्थित दिसतात, क्लिक केलं की १९३२ क्रमांकाची चूक: ‘टेबल इंजिनात अस्तित्वात नाही’. नावं एफआरएम फाइलींवरून दिसतात, पण इनोडीबीची, म्हणजे तुमची टेबलं सहसा ज्या इंजिनात असतात त्याची, स्वतःची नोंदवही आयबीडेटा१ मध्ये असते आणि कोऱ्या प्रतीतल्या वहीत तुमची टेबलं नाहीत. म्हणून जुनी आयबीडेटा१ आणि तिच्यासोबतच्या दोन्ही ‘आयबी_लॉगफाइल’ एकत्र आणा, एकमेकींशी जुळणाऱ्या. त्यावरही सर्व्हर उठला नाही तर माय डॉट आयएनआयमध्ये ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ १ ठेवा, लागलं तर २, ३ असं चढवा, सर्व्हर उठला की ताबडतोब डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एसक्यूएल फाइल, काढा. ४ आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात. प्रत हाताशी नसताना तिकडे फिरकू नका.

हे टाळायचं तर पॅनलमध्ये मायएसक्यूएलच्या डावीकडची लाल फुली दाबून ते विंडोज सर्व्हिस म्हणून बसवा. पॅनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं असावं लागतं. मग विंडोज बंद होताना सर्व्हिसला थांबण्याचा निरोप स्वतःच देतं. लाईट जाण्यावर मात्र यूपीएस आणि डंप हेच उपाय.

डंपच्या बाबतीत मराठी मजकूर असलेल्यांनी हे अगदी लक्षपूर्वक वाचावं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘मायएसक्यूएलडंप’चं उत्तर बाणाच्या खुणेने (>) फाइलीत वळवलं, तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. परत घालताना पहिल्याच ओळीला चूक येते. वर देवनागरी अक्षरं वाटेतच कन्सोलच्या कोडपेजमधून जातात आणि ‘पुणे’च्या जागी निव्वळ कचरा उरतो. असा डंप पुन्हा यूटीएफ-८ करूनही अक्षरं परत येत नाहीत. म्हणून बाण वापरूच नका, ‘रिझल्ट-फाइल’ हा पर्याय देऊन फाइलीचं नाव सांगा आणि ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ला यूटीएफ८एमबी४ द्या. डंप काढल्यावर फाइल एडिटरमध्ये उघडून एखादं मराठी नाव डोळ्यांनी बघा. मूळ टेबलातच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टेबलाचा किंवा कनेक्शनचा कॅरेक्टर सेट लॅटिन१ राहिलेला असतो. प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं अक्षर सेट बदलून परत येत नाही, ते नव्यानेच भरावं लागतं.

मोठी एसक्यूएल फाइल पीएचपीमायॲडमिनमधून घालत बसू नका, झॅम्पच्या पीएचपी डॉट आयएनआयमध्ये अपलोडची मर्यादा ४० एमबी आहे. मर्यादा वाढवण्यापेक्षा मायएसक्यूएलच्या कमांड लाइनमध्ये शिरून ‘सोर्स’ आदेश द्या.

कंपोझर, म्हणजे पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन, बसवताना तो पीएचपी कुठे आहे ते विचारतो, त्याला झॅम्पच्या पीएचपी फोल्डरातली ‘पीएचपी डॉट ईएक्सई’ दाखवा. तोच फोल्डर सिस्टिमच्या पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घाला. त्यानंतर व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा, कारण आतलं टर्मिनल आपला पाथ व्हीएस कोडकडून घेतं आणि तो सुरू होतानाचाच असतो. तरीही भलतीच आवृत्ती दिसली तर ‘व्हेअर पीएचपी’ चालवा, पाथमध्ये दुसरं पीएचपी आधी असेल तर इथे कळतं.

पीएचपी डॉट आयएनआयमध्ये झिप, इंटल आणि जीडी या एक्स्टेन्शनच्या ओळींपुढचा अर्धविराम काढा. झिपशिवाय कंपोझर प्रत्येक पॅकेज गिटमधून ओढत बसतो आणि मिनिटांचं काम लांबतं. कोडइग्नायटर ४ हे फ्रेमवर्क इंटलशिवाय चालत नाही. बदलानंतर अपाची पुन्हा सुरू करा. कमांड लाइनवर इंटल चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही असं झालं, तर अपाचीला इंटलसाठी लागणाऱ्या आयसीयूच्या डीएलएल सापडत नसतात. पाथमध्ये पीएचपी फोल्डर घातल्यावर पॅनलसुद्धा बंद करून उघडा, म्हणजे नवा पाथ अपाचीपर्यंत पोचतो.

जावास्क्रिप्टच्या नोडच्या बाजूला पॉवरशेलमध्ये त्याचं पॅकेज आणणारं एनपीएम ‘स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ म्हणून अडलं, तर ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी’ फक्त ‘करंटयूझर’साठी ‘रिमोटसाइन्ड’ करा किंवा सरळ कमांड प्रॉम्प्ट वापरा.

शिकायला आणि जुने प्रोजेक्ट सांभाळायला आजही झॅम्पच सुचवावंसं वाटतं. घराबाहेरच्या जगाला दिसणाऱ्या सर्व्हरवर मात्र नको, कारण रूटला पासवर्डच नसतो. वय दिसतं ते आवृत्त्यांत: यातल्या मारियाडीबी १०.४ च्या दुरुस्त्या जून २०२४ मध्ये थांबल्या, पीएचपी ८.२ ला सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०२६ अखेरपर्यंतच आहेत. पीएचपी तेवढं बदलता येतं. विंडोजसाठीची ८.३ ची ६४ बिट झिप घ्या, पण ‘थ्रेड सेफ’ लिहिलेलीच. ‘नॉन थ्रेड सेफ’ झिपमध्ये अपाचीला जोडणारी ‘पीएचपी८अपाची२_४’ डीएलएल नसते आणि अपाची सुरू होत नाही. जुन्या पीएचपी फोल्डराचं नाव बदलून ठेवा, नवा त्याच नावाने ठेवा, जुनी पीएचपी डॉट आयएनआय न आणता नव्या फोल्डरातल्या ‘डेव्हलपमेंट’ नमुन्यावरून नवी करा. त्यात एक्स्टेन्शनचा फोल्डर पूर्ण पत्त्याने लिहा आणि मायएसक्यूएलआय, पीडीओ मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, कर्ल, ओपनएसएसएल यांच्या ओळी उघडा. नमुन्यात त्या सगळ्या बंद असतात आणि त्यांच्याशिवाय पीएचपीमायॲडमिनसुद्धा उघडत नाही.