विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आणि जुना नॅस: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे ठाऊक असल्याने मी त्याआधीच विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवर आलो. टीपीएम ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची पडताळणी आणि प्रोसेसर या विंडोज ११च्या अटींविषयी इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या साधनाने संगणक पात्र ठरवला आणि अपग्रेडही विनातक्रार पार पडले. मात्र हे साधन फक्त संगणकाची पात्रता तपासते. त्या संगणकाशी नेटवर्कवरून जोडलेल्या उपकरणांचे पुढे काय होणार, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही, आणि माझा सारा वैताग तिथूनच सुरू झाला.

छायाचित्रे आणि बॅकअप ज्या जुन्या नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या उपकरणावर, आहेत, त्याचे शेअर्ड फोल्डर उघडेनासे झाले. पडद्यावर संदेश आला की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणांमुळे ओळख न पटवलेला गेस्ट प्रवेश रोखला आहे. घरच्या संगणकाला कसली आली आहे संस्था आणि कसले धोरण! प्रत्यक्षात झाले होते ते इतकेच, की २४एच२च्या प्रो आवृत्तीत एसएमबी (नेटवर्कवरून फाइल वाटून घेण्याचा प्रोटोकॉल) जोडणीसाठी सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर तो खरा असल्याची डिजिटल खूण, मुळातच सक्तीचे आहे आणि पासवर्डविना गेस्ट म्हणून मिळणारा प्रवेश बंद आहे.

नॅसच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली, तेव्हा आधी नॅस रीसेट करण्याचा सल्ला मिळाला. मी कारण विचारल्यावर, हे मॉडेल नव्या विंडोजशी सुसंगत नसून नवे घ्यावे लागेल, असे उत्तर आले. डिस्क ठणठणीत आहेत, फर्मवेअरला (नॅसमधील अंगभूत सॉफ्टवेअरला) एसएमबी ३ ही नवी आवृत्ती येते, आणि तरीही अशी चालती वस्तू भंगारात काढायला इतक्या सहजपणे सांगितले जाते, याचा मला संताप आला. हा अनुभव लिहिण्यामागे मुख्यतः तोच संताप आहे.

सुरुवातीचे काही आठवडे मी ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या प्रगत सेटिंगमध्ये) जाऊन लॅनमन वर्कस्टेशन या विभागातील असुरक्षित गेस्ट लॉगऑनची परवानगी सुरू केली, सायनिंगची सक्ती काढली आणि काम भागवले. त्या वेळी लिहायला बसलो असतो, तर ही सक्ती म्हणजे घरगुती वापरकर्त्यांवर लादलेला जाच आहे, असेच लिहिले असते. पुढे यामागचे कारण वाचले आणि मत बदलले. सायनिंगसाठी लागणारी किल्ली लॉगइनच्या वेळी पासवर्डवर आधारलेल्या ओळखपडताळणीतून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसल्याने त्याच्यासाठी अशी किल्ली तयार होऊ शकत नाही, मग उपकरण कितीही नवे असो. म्हणजे अडचण नॅसच्या वयाची नव्हतीच. शिवाय गेस्ट प्रवेश निमूटपणे स्वीकारणाऱ्या संगणकाला त्याच नेटवर्कवरचा एखादा बनावट सर्व्हरही फसवू शकतो आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ता लागत नाही, हेही ध्यानात आले.

उपाय अगदी फुकटचा निघाला. नॅसच्या व्यवस्थापन पानावर पासवर्डसह एक युजर तयार केला, त्याला फोल्डरचे अधिकार दिले, गेस्ट खाते बंद केले आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवण्याच्या सोयीत) ती ओळख साठवली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: नॅसचे नाव आणि त्याचा आयपी पत्ता हे विंडोजच्या दृष्टीने दोन वेगळे सर्व्हर असतात, म्हणून ड्राइव्ह ज्या रूपात मॅप करणार त्याच रूपात ओळख साठवली नाही, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्यानंतर ग्रुप पॉलिसीतील दोन्ही बदल मागे घेतले आणि तेव्हापासून जोडणी एकदाही तुटलेली नाही. जे उत्तर कंपनीच्या सेवा विभागाने एका ओळीत द्यायला हवे होते, ते त्यांच्या मते नवे उपकरण घेण्याइतके महाग होते!

सायनिंगची किंमत अगदीच शून्य नाही. नॅसचा प्रोसेसर दुबळा असल्याने मोठ्या व्हिडिओ फाइल पूर्वीपेक्षा सावकाश उतरतात. रात्रीच्या बॅकअपला त्याने काही फरक पडत नाही.

कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्हीपीएनबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. जुन्या क्लायंटचा नेटवर्क ड्रायव्हर अपग्रेडनंतर हटून बसला होता. तो पूर्ण काढून नवी आवृत्ती बसवताच जोडणी सुरू झाली. अपग्रेड करण्यापूर्वीच असा क्लायंट काढून टाकणे अधिक सोयीचे.

स्कॅनरचे मात्र जमले नाही. संगणकावरील फोल्डरमध्ये थेट फाइल टाकण्यासाठी त्याला फक्त एसएमबी १ ही सर्वात जुनी आवृत्ती येते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे मालवेअर पसरले ते याच प्रोटोकॉलमधील त्रुटीच्या आधाराने, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये त्याचा फाइल स्वीकारणारा सर्व्हर भाग मुळातच नसतो. जुन्या संगणकावर मी तो कधीकाळी हाताने सुरू केला होता, म्हणूनच इतकी वर्षे स्कॅनर चालला. विंडोज फीचर्समध्ये खूण करून तो आजही परत आणता येतो, पण ज्या नेटवर्कवर सगळे बॅकअप आहेत तिथे हे दार मी उघडणार नाही. स्कॅनर आता पेन ड्राइव्हवर फाइल देतो, आणि त्याची काच व दिवा धड असेपर्यंत मी नवा घेणारही नाही.