चित्रं झकास, पण तळाची ओळ कापली!

पाचपैकी तीन तारे. चौथा हातात होता, दुकानदाराच्या कात्रीने गेला.

अमळनेरात आमचं हौशी नाटकमंडळ आहे. तालमीच्या खोलीची भिंत ओकीबोकी दिसायची म्हणून लंडनच्या जुन्या रंगभूमीची टिंगल करणाऱ्या चार चित्रांचा संच ऑनलाइन मागवला. १,५०० रुपये, वर कुरिअरचे १२०. आठ दिवसांत आला, काच शाबूत.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. मूळ चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे आणि मग हाताने रंग भरायचे. रंग कुठे रेषेबाहेर सांडलाय तेही इथे दिसतं. मला सगळ्यात आवडलं ते 'मेलोड्रामा' (म्हणजे भडक, दिखाऊ नाटक) नावाच्या राक्षसाचं. धड जनावराचं, वर माणसांची डोकी. त्यात एक जॉन केंबल, कोव्हेंट गार्डन थिएटरचा मॅनेजर आणि शेक्सपिअरच्या भूमिका गाजवलेला नट. आणि या जनावराच्या पायाखाली शेक्सपिअरचीच पुस्तकं!

केंबलने पुढे चित्रकाराला खरं करून दाखवलं. १८११च्या फेब्रुवारीत त्याने 'ब्लू बिअर्ड'मध्ये खरे घोडे रंगमंचावर आणले, एप्रिलमध्ये 'तैमूर द टार्टर'मध्ये पुन्हा घोडे आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी चक्क हत्ती, नाव चुनी. आधी १८०३ साली लंडनच्याच ड्रुरी लेन थिएटरमध्ये कार्लो नावाचा कुत्रा पाण्यात उडी मारून पोराला वाचवायचा, तेव्हापासूनच जनावरांच्या नावावर गल्ला भरतो हे सगळ्यांना कळलं होतं.

आता घोळ. चित्राखाली बारीक अक्षरात प्रकाशकाचं नाव आणि तारीख कोरलेली असते. १७३५च्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ती कोरली तरच चित्रावर हक्क मिळायचा. या भल्या माणसाने चारही चित्रांची तीच ओळ उडवली! फोन केला तर म्हणतो, "सर, खालचं बारीक अक्षर फ्रेममध्ये घाण दिसतं." अरे भाऊ, तारीखच नसेल तर कुठल्या घोड्यावर हसायचं ते कसं कळणार?

आमच्या मंडळातल्या आजींनी चष्मा लावून राक्षस न्याहाळला. "हाई काय शे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग तुझं बी काढ."

लागलं. कारण शिवजयंतीच्या नाटकात खरा घोडा आणायचा हट्ट माझाच होता. सारंगखेड्याच्या यात्रेत नाचणारे घोडे पाहून डोकं फिरलं होतं. पायऱ्या चढायला त्याने वीस मिनिटं घेतली. वर आला आणि सिंहासनाच्या हाराचा झेंडू खायला लागला. पब्लिकने शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. महाराजांचं अख्खं भाषण त्या गोंगाटात वाहून गेलं. महाराज अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

मागवणार असाल तर ऑर्डरमध्येच 'तळाची ओळ ठेवा' असं लिहून द्या. मी तारखा हुडकून पेन्सिलीने माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, लिहायला घेतल्यात. शेजारी पाचवा खिळा ठोकलाय. आमच्या घोड्याचं चित्र पोस्टर रंगवणाऱ्या पोराला सांगितलंय, खाली तारीख टाकायची असंही बजावलंय. त्याने एकच विचारलं, "सर, डोकं तुमचं लावू का?"