स्पाइक गार्ड, यूपीएस की आधी अर्थिंग?

घरच्या कॉम्प्युटरला विजेच्या दुखण्यांपासून वाचवायचं म्हणून दुकानात गेलं की दोनच वस्तू पुढे येतात, स्पाइक गार्ड आणि यूपीएस. तिसरा पर्याय म्हणजे घराचं अर्थिंग नीट करून घेऊन मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवणं. तो खोक्यात मिळत नाही, त्यामुळे काउंटरवर त्याचं नावही निघत नाही. मी तिन्ही करून पाहिलं आहे. माझं घर कोकणातलं, जुनं, जांभ्याच्या जमिनीवरचं. शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये चित्र वेगळं असू शकेल, एवढं धरून पुढचं वाचा.

स्पाइक गार्ड काहीशे रुपयांत येतो आणि त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी. आतले व्हॅरिस्टर नावाचे छोटे भाग व्होल्टेजचा क्षणभराचा उंच झटका स्वतःतून वळवतात. बऱ्या गार्डात ते तीन असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. भिंतीतल्या सॉकेटला अर्थच नसेल, तर यातल्या दोघांना काम उरत नाही. शिवाय मोठ्या झटक्यागणिक व्हॅरिस्टर झिजतो, आणि साध्या गार्डवरचा दिवा फक्त लाइट चालू आहे एवढंच सांगतो. आणखी एक गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. खांबावर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात 230 च्या जागी 300 किंवा त्याहून जास्त व्होल्ट येऊ शकतात, आणि कुणी मेन बंद करेपर्यंत ते तसेच राहतात. तिथे गार्ड तापून जळतो. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ लागतो, तो वेगळा मागून घ्यावा.

यूपीएस मला मनापासून आवडतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, पावसाळ्यात लाइट येते-जाते, आणि हिशेबाची फाइल उघडी असताना मशीन बंद पडणं परवडत नाही. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस उतरलेलं व्होल्टेज स्वतःच सावरतो. घेताना वॉट बघा: 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच देतो. त्याच्यावर लेझर प्रिंटर लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, उकाड्याच्या खोलीत त्याआधीच. पण यूपीएसला स्वतःचं अर्थिंग नसतं. भिंतीतून जो अर्थ येईल तोच तो पुढे कॉम्प्युटरला देतो, आणि भिंतीत नसेल तर पुढेही नाही.

आधी अर्थिंग, हा माझा निर्णय झाला तो झिणझिण्यांवरून. पावसाळ्यात अनवाणी, ओलसर फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की हातात मुंग्या यायच्या. पेन ड्राइव्हच्या धातूलाही तेच. टेस्टर लावला की मंद पेटायचा. स्पाइक गार्ड लावला, फरक नाही. यूपीएस आणला, तरी फरक नाही. मुलगी कीबोर्डजवळ बसली की माझं लक्ष तिच्या पायांत चप्पल आहे का, याच्याकडे.

कारण एसएमपीएसमध्येच, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्येच असतं. त्याच्या फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ सुटलेला असला की कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतं. करंट मिलिअँपियरच्याही आतला असतो, त्यामुळे एरवी जीवावर बेतत नाही. पण चालू मशीनला एचडीएमआयची वायर लावताना पोर्ट जाऊ शकतो. आणि एसएमपीएसमध्ये खरोखरच फेज बॉडीला लागला, तर तो करंट जाणार कुठून? हात लावणाऱ्याच्या अंगातून.

यावर काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतातही. मात्र मागे कुठे न्यूट्रल सुटला तर अख्खा फेज कॅबिनेटवर येतो. असं कुणाला करू देऊ नका. नळाच्या पाइपला वायर बांधणंही तसंच. पाइप पुढे पीव्हीसीचा असला की ते अर्थिंग नव्हेच, उलट करंट नळावर येण्याची सोय.

आम्ही परसात खड्डा घेऊन जीआय पाइप गाडला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, तिथून जाड वायर मेन बोर्डापर्यंत आणली आणि प्रत्येक सॉकेटचा अर्थ तपासून जोडला. त्याच संध्याकाळी स्क्रूला बोट लावलं, काही नाही. जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या पाइपात पाणी ओतावं लागतं, हा त्रास आहेच. आणि इथेच आरसीसीबी का हवा ते कळतं. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स 20 ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर 230 भागिले 20, म्हणजे जेमतेम साडेअकरा अँपियर वाहतील, आणि जादा करंटला पडणारा 16 अँपियरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी मात्र लगेच पडतो.

पावसाळ्यात तो कधीकधी उगाच पडतो असं वाटतं. आमच्याकडे गच्चीवरच्या दिव्यात पाणी शिरलं होतं, ते त्यामुळेच सापडलं. अशा वेळी यूपीएस असेल तर फाइल वाचते, म्हणून माझ्या हिशेबी दुसरा खर्च त्याचाच. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की तिन्ही उपाय असूनही मी प्लग काढतो, आणि डिशची किंवा तांब्याच्या ब्रॉडबँडची केबलही. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून आणि लॅनच्या वायरीतून येऊ शकते.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात खड्डा घेता येत नाही, हे मान्य. तिथेही यूपीएस घेण्याआधी वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या. फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच यावं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या मल्टिमीटरवर कमकुवत अर्थिंगही ठीक दिसतं, म्हणून त्याच्याकडे अर्थ टेस्टर असेल तर ओहमचा आकडाही लिहून मागा. तो कागद सोसायटीला किंवा घरमालकाला दाखवला की बोलणं सोपं जातं.